बर्फातलं लोडशेडिंग

२०२१ च्या फेब्रुवारीत टेक्सासवर थंडीची लाट येणार म्हणून बातम्या सुरू झाल्या, तेव्हा आमच्या घरात त्या मन लावून ऐकणारे एकच होते, माझे सासरे. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. पाऊस, पारा, धरणाची पातळी हे त्यांच्या नोकरीचंच काम होतं आणि नोकरी संपली तरी ते सुटलं नाही. लातूरला थंडीच्या दिवसांत पेपर आला की आधी निफाडचा पारा किती उतरला ते बघायचे, मग चहा. ऑस्टिनला आल्यावर त्यांनी टीव्हीवरच्या हवामानवाल्याला तोच मान दिला. फॅरनहाइटचं सेल्सिअस ते तोंडी करतात. ‘‘बत्तीस वजा करायचे, पाचानं गुणायचं, नवानं भागायचं,’’ असं नातवाला शिकवत त्यांनी जाहीर केलं, ‘‘उणे चौदापर्यंत जाईल म्हणतात. निफाड गेलं बघ मागं.’’

बाबा आणि आई २०२० च्या सुरुवातीला सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. मग करोना आला. दोघांची वयं सत्तरीकडे झुकलेली, विमानात बसवायची आमची हिंमत होईना. व्हिसाची मुदत वाढवून घेतली आणि बघता बघता वर्ष उलटलं. त्यामुळे तो हिवाळा आम्ही सहा जणांनी एका घरात काढला, आणि तसा तो काढता आला हे आमचं नशीब. ते दोघं नसते तर त्या आठवड्यात आमचं काय झालं असतं, याचा विचार मी अजूनही करते.

ऑस्टिनला हिवाळा म्हणजे एखादा स्वेटर, फार तर सकाळी गाडीच्या काचेवर थोडं दव गोठलेलं. बर्फ पडला तरी दुपारपर्यंत वितळून जातो. घरंही उन्हाळ्याचा विचार करून बांधलेली. पाण्याचे पाइप माळ्यावरून आणि बाहेरच्या भिंतींतून नेलेले, त्यांच्याभोवती आवरण जेमतेम. त्यामुळे लाट यायच्या आधी शहरभर एकच सूचना फिरत होती: बाहेरच्या नळांना गुंडाळा, सिंकखालची कपाटं उघडी ठेवा आणि घरातले नळ बारीक धारेनं चालू राहू द्या.

नळ का चालू ठेवायचे ते बाबांनी मला समजावलं. पाणी गोठलं की साधारण नऊ टक्क्यांनी फुगतं. पण पाइप नेमका बर्फ झालेल्या जागीच फुटतो असं नाही. एका बाजूला बर्फाचा बूच आणि दुसऱ्या बाजूला बंद तोटी, या दोन्हींमध्ये अडकलेल्या पाण्याचा दाब वाढत जातो आणि पाइप तिथं फाटतो. तोटी थोडी उघडी असली की दाबाला वाट मिळते.

हे सगळं आईंनीही ऐकलं. त्यांना पटलंही. पण नळ चालू ठेवून झोपायचं, हे त्यांच्याच्यानं होईना.

‘‘रातभर पाणी वाहू द्यायचं? माणसानं झोपावं कसं?’’ त्या म्हणाल्या आणि उठून त्यांनी स्वयंपाकघरातल्या नळाखाली पातेलं ठेवलं. मग न्हाणीघरातल्या नळाखाली बादली. वरच्या मजल्यावरच्या बेसिनमध्ये कुकर. पातेलं भरलं की ते काढून दुसरं ठेवायचं, भरलेल्यावर ताट झाकायचं. रात्री त्या स्वतः उठत होत्या. दुसऱ्या दिवशी मुलांनाही पाळ्या लावून दिल्या. रविवारी संध्याकाळपर्यंत घरात एकही भांडं रिकामं उरलं नव्हतं. पुरण शिजवायचं मोठं पातेलं, पिठाचे डबे, मुलांची खेळणी ठेवायची प्लास्टिकची खोकी, सगळ्यांत पाणी. नवरा चहासाठी भांडं शोधत हिंडत होता आणि जे झाकण उघडावं त्याखाली पाणी. ‘‘आई, चहा कशात करू?’’ त्यानं विचारलं. ‘‘एकाच पातेल्यात कर सगळ्यांचा. आणि त्यातलं पाणी सांडू नकोस,’’ आई म्हणाल्या. वरचा बाथटबही त्यांनी काठोकाठ भरून घेतला होता.

ज्यांनी लातूरचा २०१६ चा उन्हाळा पाहिला नाही, त्यांना हे अति वाटेल. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टँकर भरायच्या जागी जमावबंदी लावावी लागली. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं. पहिली गाडी १२ एप्रिलला पोहोचली, दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर. गाडी बघायला माणसं स्टेशनाबाहेर उभी होती, त्यांत बाबाही होते. त्या उन्हाळ्यात तांदूळ धुतलेलं पाणी भांडी विसळायला, भांड्यांचं पाणी संडासात, असा आईंचा क्रम ठरलेला असायचा. तो क्रम त्या विसरल्या नाहीत आणि इथं टेक्सासात आम्हाला तो शिकायला मिळाला.

रविवारी, १४ तारखेला रात्री बर्फ पडायला लागला. मुलं खिडकीला नाक लावून बसली होती. धाकटीनं आयुष्यात पहिल्यांदाच असा भुरभुरणारा, जमिनीवर साचणारा बर्फ पाहिला. त्या आठवड्यात ती आणि तिचा दादा एका वकिलांच्या व्हिडिओनं वेडे झाले होते. टेक्सासमधल्याच एका न्यायालयाची ऑनलाइन सुनावणी चालू होती आणि कॅमेऱ्याच्या सेटिंगमुळे वकिलांच्या जागी मांजराचं पिल्लू दिसत होतं. ते बिचारे मोठ्या डोळ्यांनी न्यायाधीशांना सांगत होते, मी मांजर नाही. बाबांनाही, म्हणजे मुलांच्या आबांना, त्यांनी तो इतक्यांदा दाखवला की ‘आबा’ अशी हाक मारली की ते ‘‘आलो, मी मांजर नाही’’ म्हणायला लागले होते. हसतच झोपलो आम्ही त्या रात्री.

पहाटे दोनच्या सुमाराला घरातला पंख्याचा तो बारीक घरघराट थांबला आणि शांततेनंच जाग आली. वीज गेली होती.

आमची शेगडी गॅसची, घर तापवायची भट्टीही गॅसची. पण भट्टीची गरम हवा घरभर फिरवणारा पंखा विजेवर चालतो. वीज नाही म्हणजे ऊब नाही. उजाडेपर्यंत भिंती गार पडल्या. सोमवार, माघी गणेश जयंतीचा दिवस. आईंनी तिळाचे मोदक करायचे म्हणून तीळ-गूळ आदल्या दिवशीच कुटून ठेवला होता. निरांजनाच्या उजेडात, कानटोप्या आणि वाकळा गुंडाळून आम्ही आरती केली. टाळी वाजवायला कोणी हात बाहेर काढेना, तेव्हा मुलीनं वाकळेच्या आतूनच टाळ्या वाजवल्या. शेगडी लायटरनं पेटत होती, मोदक झाले. तिळाची ऊब काय असते ते त्या सकाळी कळलं.

आम्हाला वाटलं, तासाभराची गोष्ट असेल. आळीपाळीनं वीज बंद ठेवणार, असंच सांगितलं जात होतं. बाबांचा यावर विश्वास होता, कारण महाराष्ट्रात त्यांनी वर्षानुवर्षं भारनियमन काढलं होतं. ते त्रासाचं होतं, पण त्याला वेळापत्रक असायचं. अमुक फीडरची वीज अमुक वाजता जाणार, अमुक वाजता येणार, पेपरात छापून यायचं. त्याप्रमाणे दळण आणायचं, मोटर लावायची, पोरांनी अभ्यास उरकायचा. ‘‘वेळ सांगितली की माणूस दिवस काढतो,’’ बाबा म्हणाले. ‘‘वेळच सांगत नाहीत, हे काही बरं नाही.’’

वीज आळीपाळीनं फिरलीच नाही. ज्या वाहिन्यांवर रुग्णालयं आणि तसल्या अत्यावश्यक जागा आहेत, त्या चालू ठेवायच्या होत्या. उरलेल्या जवळजवळ सगळ्या बंद करूनच हिशोब जुळत होता, मग फिरवायला काही शिल्लकच राहिलं नाही. ज्यांच्या भागाची गेली त्यांची गेलीच. शहराच्या मध्यभागातल्या रिकाम्या ऑफिसांच्या इमारती रात्री उजळलेल्या होत्या आणि त्यांचे फोटो अंधारातल्या लोकांच्या फोनवर फिरत होते. मला त्याचा फार राग आला. आजही येतो. इतक्या श्रीमंत राज्यात म्हातारी माणसं आणि तान्ही बाळं गोठणाऱ्या घरांत बसून होती.

घरातलं सगळं बिऱ्हाड आम्ही एका खोलीत आणलं. खिडक्यांना रजया ठोकल्या, दाराखाली टॉवेल कोंबले, गाद्या खाली टाकल्या आणि सहा जण ओळीनं. लातूरहून येताना आईंनी जुन्या लुगड्यांच्या वाकळा आणल्या होत्या. त्या विमानात आणू नका म्हणून मी फोनवर बरीच समजूत घातली होती, त्यांनी ऐकलं नाही आणि किती बरं झालं. मुलं त्या वाकळांत शिरली की फक्त नाकं दिसायची.

बातम्यांचं खातं बाबांकडे गेलं. इंटरनेट नाही, टीव्ही नाही, मोबाइलला रेंज येऊन-जाऊन. ते कानटोपी, मफलर, दोन स्वेटर आणि वरून मुलाचं जॅकेट घालून बाहेर उभ्या केलेल्या गाडीत जाऊन बसायचे, फोन चार्जिंगला लावायचे आणि रेडिओ ऐकायचे. ‘‘तुम्ही काय करायलाव तिकडं एवढा वेळ?’’ आई दारातून ओरडायच्या. ते परत आले की सगळे त्यांच्याभोवती. बाबा घसा खाकरून आकाशवाणीच्या सुरात सुरू करायचे, ‘‘ठळक बातम्या.’’ मुलांना तो सूर ठाऊक नव्हता, पण त्यांना तो इतका आवडला की दर तासाला बातम्यांचा आग्रह व्हायला लागला आणि बाबांना पेट्रोलचं कारण पुढं करावं लागलं.

त्या बातम्यांत सगळं काही होतं. ११ तारखेलाच फोर्ट वर्थला बर्फाळ रस्त्यावर १३३ गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या आणि सहा माणसं गेली होती. दक्षिणेला साउथ पाड्रे बेटावर समुद्रातली कासवं गारठून निश्चल होत होती आणि गावकरी ती होड्यांतून, गाड्यांतून उचलून आणत होते. तिथल्या मोठ्या सभागृहाच्या फरशीवर हजारो कासवं ओळीनं मांडून ठेवली होती. धाकटीला ही बातमी रोज हवी असायची. कासवं कशी आहेत, हा तिचा पहिला प्रश्न. राज्याचे सिनेटर टेड क्रूझ याच दिवसांत कुटुंबासह मेक्सिकोतल्या कॅनकूनला गेले आणि गदारोळ झाल्यावर दुसऱ्याच दिवशी परतले. ही बातमी सांगितली तेव्हा आई पाणी गाळत होत्या. ‘‘घरात आजारी माणूस असताना यजमान यात्रेला निघत नसतो,’’ एवढंच त्या म्हणाल्या.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. थोडी रेंज आली की नातेवाइकांचे निरोप धडाधड पडायचे. त्यात एक फोटो सगळ्यांनीच पाठवला होता: हेलिकॉप्टरमधून पवनचक्कीच्या पात्यावर फवारा मारताहेत आणि खाली मजकूर, टेक्सासच्या पवनचक्क्या गोठल्या म्हणून वीज गेली. बाबांनी तो बराच वेळ पाहिला. ‘‘हे टेक्सास वाटत नाही,’’ म्हणाले. ते बरोबर होते. फोटो स्वीडनचा आणि काही वर्षांपूर्वीचा निघाला. पवनचक्क्या काही बंद पडल्या होत्या हे खरं, पण सर्वांत मोठी तूट नैसर्गिक वायूवरच्या वीजकेंद्रांची होती. विहिरी, पाइपलाइनी, केंद्रातली उपकरणं, कशालाच अशा थंडीची तजवीज नव्हती. एका अणुवीजकेंद्रातली अणुभट्टीसुद्धा पाण्याचा दाब मोजणारी नळी गोठल्यामुळे बंद पडली. बाबांनी गाडीत बसून एकेका बोटानं टाइप करून भावकीच्या ग्रुपवर हे सगळं लिहिलं. त्यांना चुकीची बातमी सहन होत नाही, मग ती आपल्या बाजूची असो की दुसऱ्याच्या.

विजेचं गणितही त्यांनीच मुलांना समजावलं. भारतात विजेची वारंवारता, म्हणजे प्रवाहाची सेकंदाला होणारी आवर्तनं, ५० हर्ट्झ, इथं ६०. मागणी जास्त आणि वीज कमी झाली की ही वारंवारता घसरते, आणि ठरावीक हद्दीखाली काही मिनिटं राहिली तर केंद्रं स्वतःला वाचवण्यासाठी आपोआप बाजूला होतात. एक गेलं की पुढचं, तसं सगळं राज्य काळोखात. त्या पहाटे ग्रिड, म्हणजे विजेचं राज्यभरचं जाळं, सांभाळणाऱ्यांनी १ वाजून २५ मिनिटांनी भार तोडायला, म्हणजे एकेका भागाची वीज बंद करायला सुरुवात केली. पूर्ण कोसळायला ४ मिनिटं ३७ सेकंद उरली होती, हे पुढच्या आठवड्यात जाहीर झालं. कोसळली असती तर उभी करायला कित्येक आठवडे लागले असते. टेक्सासची ग्रिड बहुतांशी स्वतंत्र, शेजारच्या राज्यांतून मदत यायला वाट जेमतेम. पश्चिमेकडच्या ग्रिडला जोडलेल्या एल पासोमध्ये दिवे बऱ्यापैकी चालू होते. बाबांना २०१२ च्या जुलैतली आपल्याकडची घटना आठवली. उत्तर, पूर्व आणि ईशान्य ग्रिड एकाच दिवशी बसली होती, पश्चिम ग्रिड वेगळी होऊन वाचली, म्हणून महाराष्ट्रात उजेड राहिला.

मंगळवार सगळ्यात वाईट. सकाळी घरात बोलताना तोंडातून वाफ निघत होती. आई पहाटे उठून म्हणाल्या, शेगडीत कोळसे पेटवून खोलीत ठेवू, गावाकडं ठेवतोच की. अंगणात कोळशावर भाजायची शेगडी होतीच. माझ्या मुलानं ताडकन उठून आजीचा हात धरला. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, माणूस झोपेतच जातो, हे त्याला शाळेत शिकवलेलं. आईंनी कोळसे बाहेरच ठेवले. गावाकडच्या घराला कौलांतून वारा खेळतो, इथं आपणच सगळ्या फटी बुजवल्यात, हे त्यांच्या लगेच ध्यानात आलं. त्याच दिवशी ह्यूस्टनला गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून ऊब घेताना माणसं दगावल्याची बातमी बाबांनी आणली. सांगताना त्यांचा आकाशवाणीचा सूर नव्हता. मी मुलाला जवळ घेतलं आणि बराच वेळ सोडलं नाही. राज्यानं नंतर या थंडीत गेलेल्यांचा आकडा २४६ दिला, बहुतेक जण गारठून गेलेले.

त्या दिवशी दुपारी समोरच्या घरातून एक बाई रस्त्यावर धावत आल्या. एकट्या राहतात, माझ्या आईच्या वयाच्या. माळ्यावरचा पाइप फुटला होता आणि जेवणघराच्या छतातून पाणी कोसळत होतं. प्लंबरचा फोन कोणी उचलत नव्हतं. मी काही सुचवायच्या आत बाबा पान्हा घेऊन निघालेही. प्रत्येक घराची मुख्य तोटी रस्त्याकडेच्या मीटरच्या पेटीत असते, हे त्यांनी आल्याच्या पहिल्या आठवड्यातच फिरायला जाताना बघून ठेवलेलं. पेटीचं झाकण बर्फाखाली. त्यांनी फावड्यानं बर्फ उकरला, झाकण उचकटलं, गुडघ्यावर बसून तोटी फिरवली. पाणी थांबलं. छताचा एक तुकडा तरी खाली आलाच, जाजम भिजलं. पण अर्ध्या तासानं आणखी काय झालं असतं ते सांगायला नको. बाईंनी बाबांचे दोन्ही हात धरले. मास्कच्या वर दोघांचे फक्त डोळे दिसत होते. रात्री त्यांचा मुलगा येऊन त्यांना घेऊन गेला. तोवर आईंनी त्यांच्याकडे गरम धपाटे आणि शेकायची पिशवी पाठवली होती.

बुधवारी पाणी गेलं.

आधी धार बारीक झाली, मग नळानं उसासा टाकला आणि थांबला. शुद्धीकरण केंद्राची वीज गेली होती, शहरात शेकडो पाइप फुटलेले होते, टाक्या रिकाम्या झाल्या. नळ थेंबथेंब चालू ठेवा म्हणणारे आता बंद करा म्हणत होते. जे काही येईल ते उकळून प्या, असा आदेश सगळ्या शहराला निघाला. दुकानांत पाण्याच्या बाटल्या नव्हत्या आणि निसरड्या रस्त्यांवरून दुकानापर्यंत जाणंही शक्य नव्हतं.

आमच्या घरात पाणी होतं. पातेल्यांत, डब्यांत, खोक्यांत, टबात. आई त्या भांड्यांकडे पाहत एक शब्दही बोलल्या नाहीत. मीच त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाठीवर थाप मारली आणि म्हणाल्या, ‘‘ऊठ, आता वाटणी करू.’’

पिण्याचं वेगळं, स्वयंपाकाचं वेगळं. तांदूळ-डाळ धुतलेलं भांड्यांना. भांड्यांचं संडासाला. हात धुवायचे ते दुसऱ्यानं तांब्यानं धार धरून, म्हणजे अर्ध्या तांब्यात काम होतं. मुलं हे असं शिकली की एकमेकांवर पहारा ठेवायची. पत्रावळी नव्हत्या, तर आईंनी धपाट्यांवरच भाजी वाढली, ताट विसळायचा प्रश्न मिटला. हुलग्याचं माडगं मात्र वाटीतच, ते वाटी चाटून पुसून साफ व्हायचं. बाबांनी आणखी एक साठा शोधला. गॅरेजमधल्या पाणी तापवायच्या टाकीत ५० गॅलन पाणी असतं, जवळजवळ १९० लिटर. त्यांनी टाकीचा गॅस बंद केला, पाणी निवू दिलं आणि खालच्या तोटीला नळी लावून बादल्या भरल्या. शेजारच्या दोन घरांना त्यातलं पोचवलं.

मुलांनी बर्फ गोळा करून टबात आणायचं ठरवलं. बादलीभर भुसभुशीत बर्फाचं तळाशी चारदोन तांबे पाणी होतं, हे पाहून त्यांची निराशा झाली. पण ती थांबली नाहीत, कारण संडासात ओतायला तेही चालतं आणि बर्फात खेळायला आजीची परवानगी मिळते ती याच कारणासाठी. दूध आणि भाज्या आम्ही मागच्या अंगणात बर्फात पुरून ठेवल्या. फ्रीज बंद असला तरी सगळा गाव फ्रीज झाला होता.

गुरुवारी नणंदेचा फोन लागला. ती अमरावतीला असते. तिथं करोना पुन्हा उसळला होता आणि शनिवार-रविवारच्या टाळेबंदीची घोषणा त्याच दिवशी झाली होती. ती आमच्यासाठी रडत होती, आई तिच्यासाठी. ‘‘तू घरातच राहा.’’ ‘‘अगं आई, तू पण घरातच राहा.’’ दोघी एकमेकींना तेच तेच बजावत होत्या आणि बाबा मागून सांगत होते, ‘‘फोन ठेवा, चार्जिंग उडायलंय.’’ आम्हाला सगळ्यांनाच हसू फुटलं आणि तिकडे नणंदही हसली.

ते चार्जिंग दुपारसाठी राखून ठेवलेलं होतं. १८ फेब्रुवारीला नासाचं पर्सिव्हिअरन्स यान मंगळावर उतरणार होतं. मुलाचं वर्षभराचं वेड. आमच्या वेळेनुसार तीन वाजायच्या जरा आधी आम्ही सहाही जण दाटीवाटीनं गाडीत बसलो, धाकटी आबांच्या मांडीवर. एका फोनवर अडखळत चित्र येत होतं. नियंत्रण कक्षातून प्रत्येक टप्पा सांगत होत्या त्या स्वाती मोहन, बंगळुरूला जन्मलेल्या. आईंचं लक्ष पहिल्यापासून त्यांच्या कपाळाकडे. ‘‘टिकली लावलीय बघ, केवढी ठळक,’’ त्या मला कोपरानं ढोसून सांगत होत्या. यान उतरल्याचं स्वातींनी सांगितलं तेव्हा मुलगा ओरडला, बाबांनी गाडीचा हॉर्न वाजवला, शेजारी खिडकीतून बघायला लागले. मंगळावरच्या त्या जागीही उणे तापमानच. ‘‘तिथं पण पाणी शोधायलेत म्हणा,’’ आई म्हणाल्या, ‘‘मिळू दे बिचाऱ्यांना.’’ त्या मनापासून बोलत होत्या. त्यांना पाणी शोधणाऱ्या कुणाहीबद्दल आपुलकी आहे.

त्याच रात्री वीज आली. दिवे, पंखा, मायक्रोवेव्हची शिट्टी, सगळं एकदम. मुलं नाचली. मी भट्टीच्या हवेच्या झरोक्यासमोर जमिनीवर बसले आणि उठावंसं वाटेना.

शुक्रवारी रथसप्तमी होती. आठवडाभर न दिसलेलं ऊन त्या सकाळी पडलं आणि पारा गोठणबिंदूच्या वर चढला. छपरावरून पाणी टपकायला लागलं. आईंनी अंगणात, वितळत्या बर्फाच्या कडेला पाट मांडला, सूर्याचा रथ काढला. आता दूध उतू घालवायचं. घरात होतं ते दूध अर्ध्या बाटलीहून कमी, दुकानांत मिळत नाही, धाकटी दुधाशिवाय झोपत नाही. नवरा म्हणाला, आई, यंदा राहू दे, नुसता नैवेद्य दाखव. आई थांबल्या. त्यांनाही ते पटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. धाकटीच पुढं आली. ‘‘आजी, माझ्या वाटणीचं उतू घाल. सूर्य आलाय ना!’’ आईंनी छोट्याशा वाटीत घोटभर दूध घेतलं, गोवऱ्या नव्हत्या म्हणून मंगळवारचे ते कोळसे बाहेर पेटवले आणि पूर्वेकडे तोंड करून वाटी वर ठेवली. दूध उतू गेलं. उरलेलं सगळं धाकटीच्या पेल्यात.

पाणी हळूहळू आलं, आधी गढूळ, खोकत. उकळून प्यायचा आदेश २३ तारखेला उठला. आमच्याही बाहेरच्या भिंतीतला एक पाइप फुटलेला निघाला. प्लंबर मिळायला फार दिवस गेले, कारण सगळं राज्यच रांगेत होतं. तोवर बाबांनी तेवढा भाग बंद करून दिला. ती दोघं उन्हाळ्यानंतर लातूरला परतली. जाताना आईंनी वाकळा इथंच ठेवल्या.

वीजकेंद्रांनी थंडीची तजवीज केलीच पाहिजे, असा कायदा त्या जूनमध्ये झाला. तरी २०२३ च्या फेब्रुवारीत ऑस्टिनवर पुन्हा वीज जाण्याची वेळ आली. या वेळी ग्रिड ठीक होती. गोठलेल्या पावसाच्या वजनानं झाडं वाकली, फांद्या तारांवर पडल्या आणि शहरातल्या लाखो लोकांची वीज गेली. मी ऑफिसातून घरी पोचले तर मुलानं बाथटब भरून ठेवला होता, मीटरच्या पेटीवरचा बर्फ झाडून पान्हा शेजारी ठेवला होता आणि धाकटी एकेका पातेल्यावर ताट झाकत फिरत होती. कानाला फोन. पलीकडून आई एकेक भांडं मोजून घेत होत्या.

‘‘कुकर भरला का?’’

‘‘भरला, आजी.’’

‘‘पुरणाचं पातेलं?’’

‘‘ते पण. आणि चहाचं एक रिकामं ठेवलंय, आमच्या बाबांसाठी.’’